सादळलेल्या हवेतली गिटार

नव्या गिटारबरोबर सूचनापत्रिका आली, तर तिचा सूर बहुधा एकच असतो: लाकूड कोरडे पडू देऊ नका. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, हिवाळ्यात पेटीत ओलावा देणारी डबी ठेवा. सल्ला खोटा नाही, पण तो घडला आहे अमेरिकेच्या आणि उत्तर युरोपच्या हिवाळ्यात. तिथे बाहेर बर्फ असतो, घर तापवलेले असते आणि घरातली हवा पार कोरडी होते. उल्हास नदीच्या काठी, शहाड-कल्याणच्या पट्ट्यात, जून ते सप्टेंबर नेमके उलटे घडते. कपाटातली चप्पल बुरशी धरते, मीठ पाझरते, दार चौकटीत अडकून बसते. अशा ठिकाणी वाद्याची निगा म्हणजे आधी पाण्याशी झगडा. महाराष्ट्राला हा झगडा नवा नाही. तंबोऱ्याच्या बाबतीत त्याची रीत शंभर-दीडशे वर्षांत बसली. गिटार मात्र ती रीत न घेता आपल्याकडे रुळली, आणि तिची हेळसांड होते ती मालकांच्या आळसामुळे कमी, या तुटलेल्या दुव्यामुळे जास्त.

लाकूड या परिसराला परके नाही. कल्याण हे प्राचीन बंदर. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याणहून निघणाऱ्या मालात धातू, कापड आणि लाकडाचे ओंडके नोंदवले आहेत, आणि हे ओंडके शिसवीचे असावेत असे काही अभ्यासकांना वाटते. ती शिसव असो वा नसो, पुढची कथा निश्चित आहे. ब्राझीलने आपल्या शिसवीचे ओंडके बाहेर जाऊ देणे थांबवले, तेव्हा १९६९च्या सुमारास अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने गिटारच्या पाठीसाठी आणि कडांसाठी भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली. आज जगभरातल्या चांगल्या गिटारींच्या पाठीला जे गडद, रेघारेघांचे लाकूड दिसते त्यातले बरेचसे आपल्या पश्चिम घाटातल्या जातीचे असते. म्हणजे लाकूड इथले, त्याला जपण्याचे नियम मात्र बाहेरचे. २०१७मध्ये शिसवीची सारी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आली आणि तयार वाद्यांना सूट मिळायला २०१९ साल उजाडावे लागले. असे लाकूड वाया जाऊ देण्याची चैन आता कोणालाच परवडणारी नाही.

लाकूड ओलावा का पिते, हे समजायला शहाडहून दूर जावे लागत नाही. शहाडची ओळखच रेयॉनची. सेंच्युरी रेयॉन इथे १९५०च्या दशकापासून आहे, आणि पुढच्याच आंबिवली स्थानकाजवळ मोहन्याला एनआरसी या दुसऱ्या रेयॉन कंपनीचा कारखाना होता. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज विरघळवून पुन्हा काढलेला धागा. हे सेल्युलोज पाण्याचे मोठे लोभी: मध्यम दमट हवेतही रेयॉन आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी धरून ठेवते आणि ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणूनच कापडधंद्यात हवेची आर्द्रता मोजून सांभाळली जाते. गिटारचा वरचा पत्रा, म्हणजे स्प्रूसची ती तीनेक मिलिमीटर जाडीची पातळ फळी, याच सेल्युलोजची बनलेली आहे. हवा ४० टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेली आणि तशीच टिकली, तर मोकळी ठेवलेली चाळीस सेंटिमीटर रुंदीची अशी फळी आडवी पाच-सहा मिलिमीटर फुगू शकते. गिटारमध्ये मात्र ती कडांना आणि आतल्या पट्ट्यांना चिकटवलेली असते. आडवे पसरायला जागा नाही, मग ती वर येते. तिच्याबरोबर ब्रिज वर येतो आणि तारा नेकपासून लांब जातात. ऑगस्टमध्ये शिकणारा पोरगा म्हणतो, बोटे दुखतात. त्याला सरावाचा कंटाळा आला, असे घरचे समजतात.

आता मिरजेकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. फरीदसाहेबांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बातम्यांत कौतुक झाले ते कारागिरीचे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती या वाद्याच्या रचनेत गृहीत धरलेली देखभाल. तंबोऱ्यात कायमचे पक्के असे थोडेच असते. खुंट्या नुसत्या घर्षणावर उभ्या असतात. पावसात त्या फुगून आवळतात, उन्हाळ्यात सैल होऊन घसरतात, म्हणून गवई जवळ खडू बाळगतो. बारीक सुरासाठी तारेत मणके असतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झंकार, लागते. तारांच्या घासण्याने घोडीवर चरे पडले की कारागीर कानशीने पृष्ठभाग पुन्हा घासून जवारी काढून देतो. हे बिघाडाचे लक्षण मानले जात नाही, ते वाद्याचे रोजचे जगणे आहे. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांना तर वाद्यदुरुस्तीत स्वतःलाच गती होती. गवई आणि कारागीर यांच्यात असे येणे-जाणे असले, तर वर्षातून एकदा वाद्य दाखवायचे ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. कापडी गवसणी हीदेखील त्याच शहाणपणाची: धूळ अडते आणि हवा खेळती राहते.

गिटार वेगळ्या वाटेने आली. गोव्यात पोर्तुगीज काळापासून ती चर्चच्या आणि घरच्या संगीतात होती. तिथले वादक पोटापाण्यासाठी मुंबईत आले, धोबी तलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांत, राहिले, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. त्याच भागात फुर्टाडोस हे वाद्यांचे दुकान १८६५पासून आहे. कल्याणला रेल्वे १८५४मध्येच पोचली होती, त्यामुळे मुंबईच्या बाजारातली वस्तू इथे यायला रस्ता तयार होता. पण रेल्वेने वस्तू येते, दुरुस्ती करणारा येतोच असे नाही. शिवाय गिटारची घडणही तंबोऱ्याच्या उलट. तिच्यात बहुतेक सगळे पक्के: ब्रिज चिकटवलेला, फ्रेट ठोकलेल्या, नट घासून बसवलेला. बदलत्या हवेशी जुळवून घ्यायला स्टीलच्या तारांच्या गिटारीत एकच खरी सोय असते, ती म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी तिच्या आतली सळई, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीच्या कारखान्यात तिची कल्पना निघाली आणि १९२३मध्ये पेटंट मिळाले. ही सळई फिरवायची चावी कितीतरी घरांत गिटारबरोबर आलेल्या पिशवीत तशीच पडून असते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. मिरज घाटावरची, कोरड्या हवेची. तिथल्या कारागिराने कोकणपट्टीच्या ओलीबद्दल काय शिकवावे? पण मिरजेची वाद्ये मिरजेतच राहिली नाहीत. मुंबईतले गायक हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक, आणि घाटावर घडलेला तंबोरा समुद्राच्या हवेत कसा वागतो हे कारागिरांना परत आलेल्या वाद्यांनीच दाखवले. जुन्या सरसाने चिकटवलेले सांधे ओलीत आणि उष्णतेत मऊ पडून सुटतात, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. दुसरा आक्षेप असा की इथली हवा बारमाही दमट नसते. तेही खरे. जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीवरून वारा सुटला की दुपारची आर्द्रता इथे कधी कधी ४०च्या खालीही उतरते. त्या दिवसांत नेकच्या कडेवरून बोट फिरवावे: फ्रेटची टोके खरखरीत लागतात, कारण लाकूड आक्रसले आणि धातू आहे तेवढाच राहिला. पण यातून निष्कर्ष निघतो तो सूचनापत्रिकेच्या बाजूने नाही. इथला खरा शत्रू कोरडेपणाही नाही आणि ओलही नाही, या दोहोंमधला झोका आहे. झोक्याला एकच डबी पुरत नाही. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल लागते आणि ते कढईत गरम करून पुन्हा कोरडे करावे लागते. फेब्रुवारीत ते बाहेर काढावे लागते. भिजलेल्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेली गिटार आतल्या भिंतीवर न्यावी लागते. मखमली अस्तराची बंद पेटी सुरक्षित वाटते, पण ओले वाद्य तिच्यात ठेवले तर बुरशीला तेच घर.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत अवघड. बाजारातल्या स्वस्त गिटारी बहुतेक प्लायवूडच्या असतात. थर उलटसुलट चिकटवलेले, म्हणून त्या कमी फुगतात. पाच-सहा हजारांच्या अशा वाद्याच्या सेटिंगला हजार-दीड हजार का घालवायचे? प्लायवूड फुगत नाही, हे अर्धेच खरे आहे. वरचा पत्रा प्लायचा असला तरी नेक आणि फिंगरबोर्ड सहसा अखंड लाकडाचेच असतात, आणि हाताला जो त्रास होतो तो बहुतेक तिथूनच. तारांचा तर लाकडाशी संबंधही नाही: पोलादी तार घामाने आणि खाडीकडून येणाऱ्या ओलाव्याने गंजते, वाजवून झाल्यावर पुसली तर जास्त टिकते, आणि त्याला जुन्या सुती कापडापलीकडे खर्च नाही. आतड्याच्या तारा होत्या तेव्हा ओलाव्याचा त्रास आणखी मोठा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा आल्या आणि शास्त्रीय गिटारवाल्यांची त्यातून सुटका झाली. राहिला प्रश्न हजार रुपयांचा. तंबोऱ्याची जवारी दरवर्षी काढून घेणाऱ्याला कोणी उधळ्या म्हणत नाही, कारण जवारीशिवाय तंबोरा बोलत नाही हे घरातल्या सगळ्यांना ऐकू येते. वाढलेल्या ॲक्शनची, म्हणजे तारा उंच गेलेली, गिटार मात्र बोलतच राहते, फक्त वाजवणाऱ्याच्या बोटांना छळते, आणि तो छळ बाहेर ऐकू येत नाही. म्हणून पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते पट्टी लावून मोजावे: स्टीलच्या तारांच्या गिटारीत जाड तारेखाली अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा बरेच जास्त अंतर दिसले, तर काम कारागिराचे.