आगटीची निवड आणि निगा : इंग्लंडच्या गृहजीवनातील एक प्रकरण

१

गृहजीवनाचा इतिहास लिहिताना भिंती, छपरे, दालने आणि त्यांतील सामानसुमान यांचे वर्णन विपुल प्रमाणात केले जाते. परंतु त्या दालनांना ऊब कशी मिळत होती, आणि त्या उबेची किंमत कोणाला मोजावी लागत होती, हा प्रश्न तितक्या आस्थेने विचारला जात नाही. इंग्लंडसारख्या थंड व दमट हवेच्या देशात तर तो टाळून घराचा इतिहास पुरा होऊच शकत नाही. तेथील घराचे केंद्र म्हणजे 'फायरप्लेस', म्हणजेच भिंतीतल्या कमानीखाली पेटविलेली, वर धुराड्याला जोडलेली आणि पुढून उघडी असलेली आगटी. ही आगटी कशी निवडावी याविषयी तीन शतकांत मोठा विचार झाला. तिची निगा कशी राखावी याविषयी मात्र फार थोडा झाला, आणि झाला तोही उशिरा. या दोहोंमधील अंतर हाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. आगटीची निवड करणारे आणि तिची निगा राखणारे हे दोन वेगळे वर्ग होते. त्यामुळे निवडीतील सुधारणा काही वर्षांत घरोघर पोहोचली, तर निगेतील सुधारणेला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला, असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते.

२

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सामान्य घरातील विस्तव दालनाच्या मध्यभागी उघड्यावर पेटविला जात असे. धूर छपरातील झरोक्यातून अथवा फटींतून वाट काढी. भिंतीतील आगटी व धुराडे या गोष्टी किल्ले, मठ आणि उमरावांचे वाडे यांतच प्रामुख्याने आढळत. सोळाव्या शतकात ही स्थिती पालटली. एसेक्स परगण्यातील रॅडविंटर गावचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडच्या वर्णनात गावातील वृद्धांची साक्ष नोंदविली आहे. त्यांच्या हयातीत झालेल्या मोठ्या बदलांत नव्याने उभारलेल्या धुराड्यांची संख्या हा एक बदल होता. धूर कोंडलेल्या जुन्या घरांत माणसे अधिक धडधाकट असत, असाही एक सूर हॅरिसनच्या लेखनात उमटतो. नव्या सोयीबद्दलची ही कुरकुर कोणत्याही काळच्या वाचकाला ओळखीची वाटेल.

धुराड्यांच्या प्रसाराला इंधनातील बदलाने वेग आला. लाकूड महाग होत गेले आणि न्यूकॅसलहून जहाजांनी येणारा दगडी कोळसा लंडनच्या घरांत शिरला. लाकडाचे ओंडके रुंद आगटीत जमिनीवरही जळतात. कोळशाला मात्र खालून हवा मिळावी लागते. म्हणून लोखंडी जाळी आली, आगटीचे तोंड लहान झाले आणि धुराड्याचा नळही अरुंद झाला. १६६६ च्या भीषण आगीनंतर १६६७ च्या कायद्याने लंडनमधील घरे विटांची अथवा दगडांची बांधणे सक्तीचे झाले. एकाला एक लागून उभ्या राहिलेल्या या मजलेदार घरांत जवळजवळ प्रत्येक खोलीला आपली आगटी असे, आणि अनेक नळ वळणे घेत एकाच धुराड्यात एकत्र येत. कोळशाची चिकट काजळी या अरुंद, वाकड्या नळांत झपाट्याने साचे. ती वेळेवर काढली नाही तर धूर खोलीत उलटे किंवा काजळीच पेट घेई. निगेचा प्रश्न अशा रीतीने घराच्या रचनेतच बांधला गेला होता.

आगटी ही संपत्तीची खूण आहे, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात यावयास वेळ लागला नाही. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत प्रत्येक आगटीमागे वर्षाला दोन शिलिंग असा कर बसविण्यात आला. मराठीत 'वेगळी चूल' म्हणजे वेगळे कुटुंब. परंतु हा कर कुटुंबावर नसून आगट्यांच्या संख्येवर होता, हा भेद अभ्यासकाने विसरता कामा नये. गरिबांना सूट होती. मोजणीसाठी अधिकारी घरात शिरत, आणि ही गोष्ट लोकांना कराहूनही अधिक झोंबे. अखेर १६८९ मध्ये विल्यम व मेरी यांच्या राजवटीत तो रद्द झाला. त्याच्या याद्या आज सामाजिक इतिहासाचे मोलाचे साधन मानल्या जातात. तथापि त्या घरात आगट्या किती होत्या एवढेच सांगतात. त्यांतील किती पेटत, आणि कोण साफ करीत, याविषयी त्या मूक आहेत.

३

उघडी आगटी ही उष्णतेच्या दृष्टीने उधळी वस्तू होय. तिच्यातील बहुतांश उष्णता धुरासह वर निघून जाते, आणि जाताना खोलीतील तापलेली हवाही ओढून नेते. म्हणून समोर शेकणाऱ्याचे तोंड भाजते व पाठ गारठते. या दोषावर उपाय शोधणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे. पॅरिसचा वैद्य लुई साव्हो याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आगटीभोवती हवेच्या वाटा ठेवण्याची कल्पना मांडली. निकोला गोजे याने १७१३ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बेंजामिन फ्रँकलिन याने १७४४ मध्ये आपल्या 'पेनसिल्व्हानियन' आगटीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या लोखंडी पेटीतून हवा तापून खोलीत येई; तरी पुढची बाजू उघडी असल्याने विस्तव दिसत राही. या शोधाचे एकाधिकारपत्र देऊ केले असता फ्रँकलिनने ते नाकारले. पुढे १७८५ मध्ये त्याने धूर उलटण्याच्या कारणांची पद्धतशीर चिकित्सा केली. नवे, पक्के बांधलेले घर जुन्या घरापेक्षा अधिक धुरकट का होते, याचे त्याने दिलेले उत्तर असे : दारेखिडक्या घट्ट बसल्या म्हणजे बाहेरची हवा आत येत नाही, आणि आत हवा आल्यावाचून धूर वर जाऊ शकत नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे बेंजामिन टॉम्सन, उर्फ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) याचा १७९६ मधील निबंध होय. खोली तापते ती मुख्यतः विस्तवाच्या किरणांनी. म्हणून ते किरण खोलीकडे परावर्तित झाले पाहिजेत, हे त्याचे मूलसूत्र. त्यावरून त्याने बांधकामाचे नियम काढले. आगटीची मागची भिंत पुढे आणावी. तिची रुंदी पुढच्या तोंडाच्या सुमारे एक-तृतीयांश ठेवावी. बाजूच्या भिंती मागच्या भिंतीशी काटकोनात न ठेवता १३५ अंशांच्या कोनात उघडाव्यात. लोखंडापेक्षा वीट व दगड पसंत करावे आणि बाजूंना पांढरा रंग द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धुराड्याचा गळा, जो पूर्वी मनमानी रुंद असे, तो अवघा चार इंच खोल करावा. त्यामुळे धूर जोमाने वर जातो आणि तापलेली हवा वाया जाणे कमी होते. हे काम एखादा गवंडी थोड्या विटांत व थोड्या वेळात करू शके. साऱ्या धुराड्याला हात लावण्याचे कारण नसे. अशी पाचशेच्या आसपास धुरकट धुराडी आपण सुधारली असल्याचे रम्फर्डने सांगितले आहे.

या सुधारणेचा प्रसार किती जलद झाला याची साक्ष चित्रे व कादंबऱ्या देतात. १८०० मध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने आगटीसमोर पाठ शेकत उभा असलेला रम्फर्ड रेखाटला. जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर ॲबी'तील नायिका जुन्या मठात भव्य, कोरीव आगटी दिसेल या आशेने येते. तिला तेथे आढळते ती रम्फर्ड पद्धतीने आवळलेली आटोपशीर आगटी. दोन दशकांच्या आतच जिच्या नावावरून विनोद करता यावा, इतकी ही वस्तू परिचयाची झाली होती.

४

रम्फर्डच्या निबंधात एक बारीक तरतूद आहे. तिच्याकडे वास्तुकलेच्या इतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. गळा चार इंचांचा केल्यावर धुराडे साफ करावयास आत शिरणार कसे, हा प्रश्न त्याला पडला. त्याने सुचविलेला उपाय असा : नव्या मागच्या भिंतीच्या वरच्या भागात अकरा-बारा इंच रुंदीची एक फट ठेवावी आणि ती एखाद्या फरशीने बंद करावी. सफाईच्या वेळी फरशी काढली की वाट मोकळी होते. ही वाट यंत्रासाठी अथवा कुंच्यासाठी नव्हती. ती मुलासाठी होती. हेतू वाईट नव्हता, किंबहुना त्या काळी तो व्यवहार्य विचार होता. परंतु किरणांचा कोन मोजणाऱ्या बुद्धिमान शास्त्रज्ञालाही धुराड्यात चढणारे मूल ही गृहीत धरण्याची गोष्ट वाटली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ही मुले बहुधा गरिबांची अथवा अनाथ असत. धुराडी साफ करणाऱ्या मालकाकडे ती उमेदवार म्हणून बांधली जात. नऊ इंच रुंदीच्या नळातून कोपरे व गुडघे टेकीत ती वर सरकत आणि काजळी खरवडून काढीत. काजळी शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाई, म्हणजे मालकाला दुहेरी प्राप्ती होती. १७७५ मध्ये लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने या धंद्यातील माणसांना वृषणकोशाचा कर्करोग होतो आणि त्याचे मूळ काजळीत आहे, असे दाखवून दिले. विशिष्ट व्यवसायाशी कर्करोगाचा संबंध जोडणारे हे पहिले महत्त्वाचे निरीक्षण मानले जाते. म्हणजे रम्फर्डच्या निबंधापूर्वी एकवीस वर्षे हे ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते.

कायदेही झाले. १७८८ च्या कायद्याने उमेदवाराचे किमान वय आठ ठरविले. १८३४ मध्ये ते दहा झाले. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढविण्यास बंदी केली. परंतु तपासणी करणारी यंत्रणा नव्हती. दुसरीकडे, साधनांचाही अभाव नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच जॉर्ज स्मार्ट याने एकात एक बसणाऱ्या पोकळ काठ्यांचा, दोरीने ताणलेला कुंचा तयार केला होता, आणि १८२८ च्या सुमारास जोसेफ ग्लास याने त्यात सुधारणा केली. बहुतेक धुराडी या साधनाने साफ होऊ शकत. अडचण होती ती वाकड्या व आडव्या नळांची. त्यांत लहान दारे बसविली असती तर तीही दूर झाली असती. परंतु तो खर्च घरमालकाचा होता, आणि मुलगा स्वस्त होता. शिवाय मुलगाच चांगली सफाई करतो, कुंच्याने गालिचे खराब होतात, असा समज घरोघर रूढ होता. १८१७ मध्ये लोकसभेच्या चौकशी समितीने मुलांच्या वापरावर बंदीची शिफारस केली, तरी त्यानंतरची विधेयके उमराव सभेत अडली.

१८६४ चा कायदाही अपुरा ठरला. फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळील एका रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा सुमारे अकरा वर्षांचा मुलगा अडकला व मरण पावला. त्याच्या मालकाला शिक्षा झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी त्याच वर्षी नवा कायदा पुढे नेला. धुराडी साफ करणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला पोलिसांकडून वार्षिक परवाना घेणे आवश्यक झाले, आणि पूर्वीच्या बंदीला प्रथमच धार आली. रम्फर्डचा निबंध १७९६ चा, हा कायदा १८७५ चा. मधली एकोणऐंशी वर्षे यंत्राच्या अभावामुळे गेली असे म्हणता येत नाही.

५

१८७५ या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षीच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने काळा धूर सोडणाऱ्या धुराड्यांना उपद्रव ठरविले, परंतु खाजगी घरांची धुराडी त्यातून स्पष्टपणे वगळली. या वृत्तीचे मूळ जुने आहे. जॉन एव्हलिन याने १६६१ मध्ये लंडनच्या धुरावर टीका केली, तेव्हाही त्याने दोष दिला तो मद्य गाळणारे, चुना भाजणारे व साबण करणारे यांच्या भट्ट्यांना. घरच्या विस्तवाला त्याने निर्दोष मानले. जर्मन वास्तुशास्त्रज्ञ हर्मान मुथेझिउस याने विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी घरावर लिहिताना, उघडा विस्तव हा इंग्रजांच्या लेखी केवळ उष्णतेचे साधन नसून घरपणाचे प्रतीक आहे, असे निरीक्षण केले. काटकसरीने उष्णता देणारी बंद शेगडी युरोपखंडात रूढ असूनही इंग्लंडने ती मनापासून स्वीकारली नाही, याचे कारण येथे सापडते.

या निवडीची उरलेली किंमत शहराच्या हवेने दिली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर धूर व धुके यांचा दाट थर साचला. त्या वेळच्या गणनेप्रमाणे सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाले. पुढील संशोधनाने हा आकडा १२,००० पर्यंत नेला. घरगुती कोळशाचा धूर हा त्यामागील एक प्रमुख घटक होता. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने धूरनियंत्रित क्षेत्रे निर्माण केली आणि घरातील आगटी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक निधीतून देण्याची सोय केली. घरमालकाच्या निवडीवर कायद्याने हात ठेवला तो येथे. पुढे १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये पोत्यांतील घरगुती कोळशाची विक्री बंद झाली, आणि १ मे २०२३ पासून सुट्या कोळशाचीही.

६

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे गैरसोय निवडणाऱ्याच्या डोळ्यांत जात होती, तेथे सुधारणा त्वरित झाली. धुरकट दिवाणखाना कोणालाच नको होता. जेथे गैरसोय नळाच्या आत, दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला येत होती, किंवा धुराड्याच्या तोंडातून बाहेर पडून साऱ्या शहरावर पसरत होती, तेथे ज्ञान, साधन व कायदा असूनही पिढ्यान्‌पिढ्या काही घडले नाही. म्हणून गृहसाधनांच्या इतिहासात ती वस्तू कोणी शोधली व कोणी विकत घेतली एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. ती कोण साफ करीत होते, आणि त्याच्यासाठी किती इंचांची वाट ठेवली होती, हेही तपासले पाहिजे. रम्फर्डच्या आगटीत ती वाट अकरा-बारा इंचांची होती, आणि एरवी ती एका फरशीने झाकलेली असे.