शटडाउनवर अडकलेला संगणक

वैयक्तिक संगणक बंद करणे हे पूर्वी निव्वळ हाताचे काम होते. डॉसमध्ये चालू प्रोग्रॅममधून बाहेर पडायचे आणि खटका दाबायचा. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि मध्ये एक पायरी शिरली. आधी शटडाउन द्यायचे, मग काळ्या पडद्यावर केशरी अक्षरांत यंत्र बंद करायची परवानगी उमटेपर्यंत थांबायचे. त्याच वर्षीच्या इंटेलच्या एटीएक्स रचनेने वीज तोडण्याचे कामही सॉफ्टवेअरच्या हाती दिले. यंत्र मध्येच लटकायला जागा झाली ती इथे.

ती परवानगी येईपर्यंत थांबायला सांगणारा पडदा म्हणजे डिस्कवर ठेवलेले एक चित्र. आत आवराआवर चालू असो वा सगळे ठप्प असो, चित्र तेच. एकट्या संगणकाला आपल्यापुरते आवरले की पुरे; नेटवर्कवरच्या यंत्राला सर्व्हरवरच्या उघड्या फायली मिटवून, जोडलेल्या ड्राइव्ह सोडून नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही उतरवावा लागे.

कुठे अडले ते कळे बूटलॉग नावाच्या लपलेल्या फाइलवरून. नाव सुरू होण्याचे, पण तिच्या शेपटाला बंद होण्याचाही हिशेब असे. प्रत्येक टप्प्याची ‘टर्मिनेट’ अशी ओळ, टप्पा पार पडला की ‘एंडटर्मिनेट’. दुसरी ओळ नसेल तिथे घोडे अडलेले. नोंद ‘अनलोड नेटवर्क’वर थांबली असेल तर संशय डॉसच्या वळणाच्या जुन्या नेटवर्क ड्रायव्हरवर, ‘रीसेट डिस्प्ले’वर थांबली तर व्हिडिओ ड्रायव्हरवर, ‘आरआयटी’वर असेल तर साउंड कार्ड किंवा जुन्या माउसचा ड्रायव्हर. इतका सरळ पुरावा नंतरच्या विंडोजमध्ये क्वचितच हाती लागला.

विंडोज ९८ ने वेळ वाचवण्यासाठी ‘फास्ट शटडाउन’ आणले. त्यात ड्रायव्हर रीतसर मिटवणे टाळले जाई, आणि काही यंत्रे त्यामुळेच गोठत. एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच साधनात एक खूण केली की ही सोय बंद होई. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तर मायक्रोसॉफ्टला शटडाउनपुरती वेगळी दुरुस्ती काढावी लागली.

विंडोज २००० मध्ये दुखणे वापरकर्त्याच्या प्रोफाइलकडे सरकले. एखाद्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीतली चावी धरून ठेवली, की प्रोफाइल उतरवण्याचा प्रयत्न सेकंदाला एक याप्रमाणे साठ वेळा होई आणि पडद्यावरचा ‘सेव्हिंग सेटिंग्ज’ हा संदेश हलत नसे. त्यावर मायक्रोसॉफ्टने यूपीएच-क्लीन ही सेवा दिली; २००७ च्या व्हिस्टात ते काम प्रणालीनेच अंगावर घेतले.