औद्योगिक स्फोट आणि आयनांबर

लेबनॉनची राजधानी बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी झालेल्या भीषण स्फोटात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. गोदामात अनेक वर्षे पडून असलेले सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट या दुर्घटनेस कारणीभूत ठरले. स्फोटाचा हादरा मात्र जमिनीपुरता मर्यादित राहिला नाही. सुमारे दहा मिनिटांत तो तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबरापर्यंत जाऊन पोहोचला.

सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील वायू विद्युतभारित होतात. या पट्ट्यास आयनांबर म्हणतात. स्फोटातून निघालेली ध्वनिलहर वर जात असताना हवा झपाट्याने विरळ होत जाते आणि लहरीची ऊर्जा अधिकाधिक कमी वस्तुमानाच्या वाट्याला येते. त्यामुळे तिचा आयाम वाढत जातो. कानांना ऐकू येणारा गडगडाट वाटेतच विरतो. वर पोहोचतात त्या ऐकू न येणाऱ्या, अतिशय मंद वारंवारितेच्या लहरी. त्या तेथील इलेक्ट्रॉनांनाही हेलकावे देतात.

हे हेलकावे टिपण्याचे काम जीपीएस उपग्रह करतात. त्यांचे संकेत आयनांबरातून येताना किंचित रेंगाळतात आणि हा विलंब वाटेतील इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून असतो. स्थाननिश्चितीतील हा दोषच शास्त्रज्ञांच्या हाती मोजपट्टी म्हणून आला आहे. जपानचे होक्काइडो विद्यापीठ आणि राउरकेला येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी बैरूतच्या स्फोटानंतरच्या अशाच नोंदी तपासल्या. आयनांबरातील लहर सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने दक्षिणेकडे सरकल्याचे त्यांना आढळले. जमिनीलगतच्या ध्वनिवेगाच्या दुपटीहून हा वेग अधिक आहे, कारण त्या उंचीवर तापमान फार जास्त असते. जपानमधील आसामा ज्वालामुखीच्या २००४ मधील उद्रेकातून उठलेल्या लहरीपेक्षा ही लहर किंचित मोठी होती, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला.

जीपीएस नव्हते तेव्हाही अशी नोंद झाली होती. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी सायक्लोहेक्झेनची गळती होऊन स्फोट झाला. त्यात २८ जणांचा बळी गेला. आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या रेडिओलहरींच्या वारंवारितेत त्याचा परिणाम दिसून आला आणि त्याच वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध झाला.

हीच पद्धत अणुचाचण्यांच्या शोधासाठीही उपयोगी ठरली आहे. उत्तर कोरियाने २००९ मध्ये केलेल्या भूमिगत चाचणीची खूण जीपीएसच्या नोंदींत आढळल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये जाहीर केले.