वारली चौकाची मांडणी

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्न निघाले की कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात फिरतो. मग सवाशिणी तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने लग्नचौक काढतात. रंग एकच, पांढरा. त्रिकोण, साखळ्या आणि तिरप्या रेघांच्या पट्ट्या एकीला एक लागून चौकट दाट भरते. आतली जागा मात्र बरीच मोकळी राहते. तिथे पालघाट देवी. दाटीने थकलेली नजर आपोआप तिच्यावर येऊन ठरते.

या चित्रांत माणूस म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण. वरचा जरा कलंडला की माणूस वाकतो, नाचतो. याहून काटकसरीचे रेखाटन क्वचितच सापडेल. क्षितिजरेषा नाही. तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचाची रांग शंखाच्या वेटोळ्यासारखी आत वळत जाते.

१९७०च्या दशकात कलावंत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी विधीचा चौक बाजूला ठेवून शेते, मुंग्या आणि मासेमारीचे जाळे काढले. नक्षीची चौकट गेली, कागदाची कडाच चौकट झाली. बायकांच्या हातची ही कला पुरुषांच्या नावाने जगभर पोहोचली, तीही याच वळणावर.