मोहाची भट्टी आणि सातपुड्याचा मुलूख

द्राक्षांच्या मद्याचा विषय निघाला की आज कोणीही नाशिककडे बोट दाखवील. आपल्या नंदुरबार जिल्ह्याची गोष्ट निराळी. तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी या सातपुड्याच्या तालुक्यांत द्राक्षाच्या जागी मोह आहे, आणि कारखान्याच्या जागी चार दगडांवर मांडलेली लहानशी भट्टी. या भट्टीचा इतिहास केवळ दारूचा आहे, असे मात्र समजू नये. झाड कोणाचे, आणि त्याविषयी ठरवावयाचे कोणी, या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

प्रथम झाडाकडे पाहू. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडतात आणि पिवळसर, रसाळ फुले पहाटे टपटप गळू लागतात. बायका-मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल गोड, वाळवले की पुष्कळ दिवस टिकते. ते भाजून खातात, शिजवून खातात, गुरांना घालतात. पुढे बियांचे तेल निघते. पीक बुडाले म्हणजे याच फुलांवर कित्येक घरांनी दिवस काढले आहेत.

दारू हा या फुलाचा एक उपयोग. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांनी ती आंबली की मडके चुलीवर चढते. वाफ नळीवाटे दुसऱ्या, गार ठेवलेल्या भांड्यात जाते आणि तेथे थेंबथेंब दारू जमते. द्राक्षाची वाइन नुसती आंबवलेली असते. ही गाळलेली, म्हणून अधिक कडक. पहिली धार देवाला आणि पूर्वजांना, मग पाहुण्याला. लग्न असो, मर्तिक असो, तिच्यावाचून रीत पुरी होत नसे.

इंग्रजी अमलात या भट्टीवर सरकारची नजर गेली. हेतू मुख्यतः वसुलीचा होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे गुन्हा ठरले. कर भरलेली दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी, असा नियम झाला. १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे तर फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच निर्बंध आले. म्हणजे पाहा, झाड दारात आणि दारू दुकानात! जी वस्तू घरची होती तिला रोख पैसा लागू लागला. पैसा नसला की उधारी आली, आणि उधारीपायी धान्य गेले, कित्येकांची जमीनही गेली.

याला उत्तर आले ते लोकांतूनच. १९२२-२३ च्या सुमारास ठाण्याच्या किनाऱ्याकडून निघालेला देवीचा संदेश नाशिक, डांग, सुरत आणि खानदेशापर्यंत पोचला : दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, दारूविक्याकडे कामाला जाऊ नका. पुढे १९३७-३८ साली तळोदा तालुक्यात मोरवड-रंजनपूर येथे गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो माणसे लोटली. त्यांनी दारू सोडली आणि एकमेकांना 'आप' म्हणून मानाने हाक मारू लागली. १९३८ साली महाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराजांनी ते काम पुढे चालविले.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. सरकारने घरची भट्टी बंद केली ती दुकान चालावे म्हणून. लोकांनी प्याला खाली ठेवला तो दुकानाचे पाश तुटावेत म्हणून. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा स्वराज्यात आला, त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण भट्ट्या मिटल्या नाहीत, त्या आडरानात गेल्या. शहाद्याकडे १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रियांनी स्वतः दारूची मडकी फोडली. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते आणि मार आपल्याला बसतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. भट्टीचे गोडवे गाताना या बायकांना विसरून चालणार नाही.

आता अलीकडचे पाहा. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखून वाइनला करात सवलत दिली. मोहफुले गोळा करणे व त्यांची ने-आण करणे यांवरचे निर्बंध सैल होण्यास मात्र २०२१ साल उजाडले. नर्मदेपलीकडे, शेजारच्या अलिराजपूर जिल्ह्यात, मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला वारशाचे मद्य मानून ती गाळण्याचे काम आदिवासी बचत गटाकडे दिले आहे. तसे आपल्याकडे व्हावे की न व्हावे, यावर मतभेद असू शकतील. पण निर्णय घेताना फुले वेचणारी बाई आणि मडके फोडणारी बाई, या दोघींना आधी विचारले पाहिजे. बहुधा त्या एकाच घरच्या निघतील.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एवढे करावे : इतिहासाच्या तासाला मुलांना आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांकडे पाठवावे. कोणते झाड कोणत्या घराचे, कोणी दारू सोडली, कोणाची जमीन उधारीत गेली, हे त्यांनी विचारून लिहून आणावे. सातपुड्याचा पुष्कळसा इतिहास अजून तोंडीच आहे, आणि तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.