ब्लॅक माउंटन
अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्लू रिज पर्वतराजीत, ॲशव्हिलच्या पूर्वेस वसलेले छोटे गाव. गायिका रॉबर्टा फ्लॅक यांचे हे जन्मगाव (१९३७). गावाला कलाजगतात स्थान मिळाले ते ब्लॅक माउंटन महाविद्यालयामुळे (१९३३–५७). जॉन अँड्र्यू राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्थापले. नाझी जर्मनीतून आलेले कलावंत दांपत्य योझेफ व ॲनी आल्बर्स येथे शिकवीत. शेती, स्वयंपाक, बांधकाम यांत विद्यार्थी-शिक्षक सारखेच राबत. गावाजवळच्या लेक ईडन येथील महाविद्यालयाची मुख्य इमारत त्यांनी स्वतः उभारली. शिक्षणाचा इतका धाडसी प्रयोग विसाव्या शतकात क्वचितच झाला. १९५२ मध्ये येथील भोजनगृहात संगीतकार जॉन केज यांनी संगीत, नृत्य, काव्य व चित्र एकाच वेळी सादर केले. पुढील ‘हॅपनिंग’ कलाप्रकाराचे मूळ त्यात मानतात. मर्स कनिंगहॅम यांची नृत्यमंडळी १९५३ मध्ये येथेच आकारास आली. पैशाअभावी महाविद्यालय बंद पडले. लेक ईडनच्या परिसरात १९९५ पासून कलामहोत्सव होऊ लागला. जुन्या महाविद्यालयाचा वारसा जपणारे संग्रहालय ॲशव्हिलमध्ये आहे.