ठिपक्याची रेघ

रांगोळी सोडताना हात एका जागी थांबला तर ठिपका पडतो, सरकला तर रेघ उमटते. हाताचा वेग ठाऊक असेल, तर रेघेच्या लांबीवरून रांगोळी किती वेळ पडत होती ते सांगता येतं. डोळ्यांनी न पकडता येणारा काळ माणसानं याच युक्तीनं मोजला.

1834 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी विजेच्या ठिणगीसमोर गरगर फिरणारा आरसा ठेवला. ठिणगी जितकी टिकेल, तितकं तिचं प्रतिबिंब ताणलं जाणार. वेळ मोजायचा, पण लांबीनं!

2009 साली कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत क्ष-किरणांचा लेसर सुरू झाला. त्याची एकेक चमक फेम्टोसेकंदांत मोजायची. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद, तितके सेकंद सरायला तीन कोटींहून जास्त वर्षं लागतील! एवढी घाई कशासाठी? ही चमक पडली की प्रथिनाचा स्फटिक उद्ध्वस्त होतो. त्याआधीच त्याचं चित्र टिपायचं असतं. चमक रेंगाळली तर मोडतोडीचंच चित्र हाती येणार. म्हणून ती किती टिकली हे कळायलाच हवं.

पण एवढ्या वेगानं फिरणारा आरसा आणायचा कुठून? आधी, चमक देणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्याच्या लांबीवरून अंदाज बांधत. 2011 मध्ये निऑन वायूवर क्ष-किरण आणि साधा लेसर एकत्र सोडून मोजलं, तर चमक पुंजक्याहून आखूड निघाली.

मग 2014 साली वेगळीच पद्धत प्रसिद्ध झाली. चमक प्रयोगाकडे निघून जाते, तिला हातही लावायचा नाही. मागे उरलेल्या इलेक्ट्रॉनांना रेडिओलहरींचा आडवा धक्का द्यायचा. पुंजक्याचं तोंड एकीकडे, शेपूट दुसरीकडे. पडद्यावर ठिपक्याची रेघ होते. क्ष-किरण देताना इलेक्ट्रॉनांची ऊर्जा खर्ची पडते. लेसर चालू असतानाचं आणि बंद असतानाचं चित्र ताडून पाहिलं, की रेघेच्या कोणत्या भागात ऊर्जा घटली ते दिसतं. तेवढाच चमकेचा काळ.

2018 मध्ये तर प्रकाशालाच आरसा केलं. अवरक्त लेसरचं क्षेत्र घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं आणि वायूतून उडालेले इलेक्ट्रॉन त्या-त्या दिशेला ढकलतं. गोलाकार मांडलेली 16 उपकरणं ते टिपतात. 2020 साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी एका फेम्टोसेकंदाहूनही छोट्या चमका मोजून दाखवल्या.

आरसे बदलत गेले; अंदाजावर न थांबता मोजून पाहायची सवय मात्र तीच राहिली. ती नसती, तर पुंजक्याची लांबी हीच चमकेची लांबी म्हणून चालून गेली असती.